चाबकाची शिक्षा जॉकीला, बक्षीस मात्र मालकाला

१५ ऑक्टोबर २०११ रोजी इंग्लंडमधल्या ॲस्कट रेसकोर्सवर चॅम्पियन स्टेक्स ही १३ लाख पौंडांची शर्यत झाली. फ्रान्सहून आलेल्या सिरस देझ एगल या घोड्याने ती जिंकली. शेवटच्या फर्लांगात, म्हणजे साधारण २०० मीटरांत, पाचपेक्षा अधिक फटके मारायचे नाहीत हा नियम तेव्हा लागू होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते, आणि जॉकी क्रिस्तोफ सुमियाँ याने सहा फटके मारले होते. त्या एका जादा फटक्यापायी बक्षिसातला सुमारे ५०,००० पौंडांचा वाटा गमावण्याची आणि वर पाच दिवसांच्या बंदीची शिक्षा त्याला ठोठावली गेली. घोड्याचा विजय मात्र कायम राहिला. मालकाच्या आणि ट्रेनरच्या वाट्याला धक्काही लागला नाही.

या निकालावर त्या वेळी जॉकी मंडळी संतापली आणि शिक्षा अमानुष असल्याची ओरड झाली. प्राण्यांची बाजू घेणाऱ्यांना तीच शिक्षा अपुरी वाटली. मला दोघांचेही म्हणणे बरोबर वाटते. मोजणीत एका फटक्याने चुकलेल्या माणसासाठी ती शिक्षा फार कठोर होती, आणि ज्या विजयासाठी तो फटका मारला गेला त्या विजयाला तिने हातही लावला नाही. चाबकाच्या गैरवापराबद्दल जगभर जे नियम आहेत त्यांतले बहुतेक अजूनही याच जागी अडखळतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्याच एन्ट्री नावाच्या रेसकोर्सवरच्या ग्रँड नॅशनल शर्यतीत काय झाले तेही आठवून पाहावे. सुमारे सात किलोमीटर धाव आणि तीस अडथळे असलेली ती शर्यत बॅलाब्रिग्ज या घोड्याने जिंकली. शर्यत संपताच घोडा इतका थकलेला होता की जॉकी जेसन मॅग्वायरला तातडीने खाली उतरावे लागले आणि घोड्यावर पाणी ओतून त्याला थंड करावे लागले. कोट्यवधी लोकांनी हे दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले. चाबकाच्या अतिवापराबद्दल मॅग्वायरला पाच दिवसांची बंदी झाली. त्या शर्यतीत पहिल्या क्रमांकाचे बक्षीस पाच लाख पौंडांहून अधिक होते, आणि ते जसेच्या तसे दिले गेले. पाच दिवस घरी बसण्याच्या बदल्यात ग्रँड नॅशनल मिळत असेल तर कोणता जॉकी हात आखडता घेईल? आणि कोणता मालक त्याला तसे करायला सांगेल? अशी बंदी त्या मंडळींच्या हिशेबात शिक्षा राहत नाही, ती विजयाची किंमत होऊन बसते, आणि तीही परवडणारी.

ऑक्टोबरचा कडक नियम ग्रँड नॅशनलनंतर उसळलेल्या रागातूनच आला होता. तो चुकीच्या माणसावर सगळा भार टाकणारा होता, त्यामुळे टिकला नाही. शेवटच्या फर्लांगाची अट त्याच महिन्यात मागे घ्यावी लागली. त्यानंतर तिथल्या शर्यतींचे नियमन करणाऱ्या ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीला मूळ मुद्द्याला हात घालायला २०२३ उजाडले. त्या वर्षीपासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटके ही मर्यादा ठरली, मोठ्या शर्यतींमध्ये बंदीचे दिवस दुप्पट झाले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मर्यादेपेक्षा चार किंवा अधिक फटके जास्त झाले तर घोडाच बाद ठरवण्याची तरतूद आली. चाबकाच्या मोजणीवरून घोडा बाद होऊ शकतो हे तिथल्या मालकांना प्रथमच ऐकावे लागले. हे पाऊल योग्य दिशेने पडले आहे असे मी मानतो. परंतु चारची सवलत कशासाठी? एक, दोन किंवा तीन फटके जास्त मारून नाकभर अंतराने जिंकलेला घोडा आजही विजेताच राहतो, आणि ज्या जॉकीने मर्यादा पाळून दुसरा क्रमांक मिळवला, त्याला आणि त्याच्या मालकाला नियम पाळल्याचे फळ म्हणून दुसरे बक्षीस मिळते.

अमेरिकेतले अगदी अलीकडचे उदाहरण घ्या. मे २०२५ मध्ये केंटकी डर्बी सॉव्हरिन्टी या घोड्याने जिंकली. जॉकी ज्युनियर अल्वाराडो याने सहाच्या मर्यादेऐवजी आठ फटके मारले, म्हणून स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीच्या पंचांनी, त्याला ६२,००० डॉलर दंड आणि दोन दिवसांची बंदी ठोठावली. एवढा दंड ऐकून कोणीही दचकेल. पण विजेत्या घोड्याचे बक्षीस ३१ लाख डॉलरचे होते. दंड फक्त जॉकीला झाला, आणि मालक व ट्रेनरचे बक्षीस जिथे जायचे तिथे गेले. तिथल्या नियमानुसार बक्षिसाला हात लागतो तो चार फटके जादा झाल्यावरच.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की मालकाने चाबूक मारला नाही, मग त्याला शिक्षा का? हा आक्षेप वरवर न्याय्य वाटतो, परंतु घोड्यांच्या शर्यतींचा स्वतःचाच कायदा त्याला छेद देतो. शर्यतीनंतर जॉकीचे वजन ठरलेल्यापेक्षा कमी भरले तर घोडा बाद होतो. मग वजन भरून काढायला खोगिरात ठेवलेले शिसे कोणाच्या चुकीने निसटले हे कोणी विचारत नाही. घोड्याच्या रक्तात मनाई असलेले औषध सापडले तर विजय जातो. २०२१ च्या केंटकी डर्बीत मेडिना स्पिरिट पहिला आला, नंतर त्याच्या नमुन्यात बीटामेथासोन सापडले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये विजय रद्द होऊन तो दुसऱ्या आलेल्या मँडालूनला दिला गेला. जॉकी जॉन व्हेलास्केझने ते औषध दिले नव्हते, तरीही त्याच्या नावावरचा डर्बीचा विजय पुसला गेला. ट्रेनरच्या गोटातल्या चुकीसाठी जॉकीने विजय गमवायचा हे सर्वांना मान्य आहे, पण जॉकीच्या चुकीसाठी मालकाने विजय गमवायचा म्हटले की अन्याय होतो, या तर्कात मला केवळ पैशाची ताकद दिसते.

दुसरा आक्षेप पैसे लावणाऱ्यांचा. निकाल चार दिवसांनी बदलला तर तिकिटांचे काय करायचे? याचे उत्तर ब्रिटनने व्यवहारात देऊन ठेवले आहे. चाबकाचा निवाडा नंतर एक समिती करते, मात्र शर्यतीच्या दिवशी जाहीर झालेल्या निकालावर पैसे चुकते होतात आणि ते परत मागितले जात नाहीत. बदलतात ते नोंदवहीतले क्रमांक आणि बक्षिसाचे धनी. मेडिना स्पिरिटवर पैसे लावलेल्यांनाही कोणी रक्कम परत करायला सांगितली नाही.

जॉकीच्या बाजूने विचार करणे मला तितकेच आवश्यक वाटते, कारण या सगळ्या चर्चेत त्याला एकट्याला खलनायक केले जाते. घोड्याला पुरेपूर संधी देऊन पळवले नाही, शेवटी ढिले सोडले, तर त्याबद्दलही स्टुअर्ड जॉकीलाच शिक्षा करतात, आणि ते रास्त आहे, कारण मुद्दाम हरणे ही लबाडी आहे. परंतु याचा परिणाम असा होतो की थोडक्यात हरलेल्या जॉकीला सगळ्यांसमोर सिद्ध करावे लागते की आपण प्रयत्न केला, आणि उचललेला चाबूक हा त्याचा सर्वांत सोपा पुरावा ठरतो. हरून परतलेल्या जॉकीला कठड्याशी उभ्या प्रेक्षकांपासून ट्रेनरपर्यंत सगळे एकच विचारतात, की अजून मारला का नाहीस? पुण्याच्या रेसकोर्सवर शेवटच्या शंभर मीटरांत ‘मार, मार’ असा ओरडा मी स्वतः अनेकदा ऐकला आहे, आणि ओरडणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांचे पैसे लागलेले होते. पुढच्या आठवड्याला घोडा मिळेल की नाही हे ज्याच्या मर्जीवर अवलंबून आहे, त्याच्याविरुद्ध जाऊन हात आवरायचा, हे धैर्य आपण एका रोजंदारीवरच्या माणसाकडून मागतो. जादा फटक्याने बक्षीस जाणार असेल, तर हात आवर असे मालक आणि ट्रेनरच त्याला बजावून सांगतील. जॉकीच्या संरक्षणाचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.

मुळात चाबकाने घोडा जास्त पळतो हे गृहीतकच डळमळीत आहे. सिडनी विद्यापीठातले पॉल मॅकग्रीव्ही आणि डेव्हिड इव्हान्स यांनी २०११ मध्ये दाखवले की चाबकाचा सर्वाधिक मारा घोडा थकून त्याचा वेग उतरत असतानाच होतो. मॅकग्रीव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ब्रिटनमधल्या १२६ शर्यती तपासल्या. त्यांपैकी ६७ शर्यती जॉकीने केवळ हात आणि टाचांच्या बळावर, चाबूक न चालवता धावायच्या होत्या. शर्यतीला लागलेला वेळ, घोड्यांचे आडवेतिडवे जाणे, एकमेकांना अडथळा करणे, यांत चाबकाच्या शर्यतींहून लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात घोड्याची कातडी वेदनेच्या बाबतीत माणसाहून निबर असते या समजुतीला आधार मिळाला नाही. नॉर्वेने घोड्याला पळवण्यासाठी चाबूक वापरणे फार पूर्वीच बंद केले, स्वीडनने २०२२ मध्ये बंद केले, आणि तिथल्या शर्यती चालूच आहेत.

केवळ फटके मोजत बसल्याने आणखी एक गोष्ट झाकली जाते. खांद्याच्या वर हात नेऊन मारणे, कुशीवर मारणे, प्रतिसाद द्यायला वेळ न देता लागोपाठ मारणे, आणि मागे पडलेल्या, जिंकण्याची काहीच शक्यता नसलेल्या घोड्याला मारणे, हे सगळे ब्रिटिश नियमांत वेगळे गुन्हे आहेत. माझ्या मते शेवटचा प्रकार सर्वांत वाईट आहे, कारण त्यात स्पर्धेची सबबही उरत नाही. इथे बक्षिसाचा प्रश्नच येत नाही, म्हणून इथे मात्र जॉकीवरच दीर्घ बंदी यावी आणि दुसऱ्यांदा घडल्यास परवाना जावा.

महाराष्ट्रात तर आपल्याला या प्रश्नाकडे त्रयस्थपणे पाहताच येणार नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींचा आपला कायदा वैध ठरवला. त्याखालच्या नियमांनुसार बैलाला काठी, चाबूक, टोचणी किंवा विजेचा झटका लावायला मनाई आहे, आणि कायदा मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावच्या घाटात बैल पळवणाऱ्या शेतकऱ्याला हा नियम, आणि महालक्ष्मीच्या हिरवळीवर मात्र चाबूक हा खेळाचा भाग, हा भेद कोणत्या न्यायाने करायचा? शेतकऱ्याला नियम सैल करा असे मी म्हणत नाही. घोड्यालाही बैलाइतकेच संरक्षण द्या, असे माझे म्हणणे आहे.

चाबूक जोवर पूर्ण जात नाही, तोवर मुंबई-पुण्याच्या शर्यती भरवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबने आणि देशातल्या इतर क्लबांनी प्रत्येक शर्यतीच्या निकालपत्रकात प्रत्येक घोड्यासमोर फटक्यांची संख्या छापावी, जशी आज वजन, वेळ आणि अंतर छापले जाते. मर्यादेपेक्षा पहिलाच फटका जास्त झाला की त्या घोड्याच्या बक्षिसातला ठरावीक भाग, मालक, ट्रेनर आणि जॉकी या तिघांच्याही वाट्यांतून सारख्या प्रमाणात कापून त्याच्या मागोमाग नियम पाळून आलेल्या घोड्याला द्यावा, आणि दुसरा फटका जास्त झाला की घोडा बाद करावा. सुमियाँच्या बाबतीत हा नियम असता तर त्याला सगळे ५०,००० पौंड गमावण्याची शिक्षा झाली नसती, आणि मालक व ट्रेनरही पूर्ण बक्षीस घेऊन घरी गेले नसते.