तीन महिने आणि नऊ वर्षं

१० फेब्रुवारीला माल्टाच्या राजधानीत, व्हॅलेटात, संत पॉलची (ख्रिस्ती धर्माचा पहिल्या पिढीतला मोठा प्रचारक) मूर्ती बाहेर निघायच्या बेतात होती. बाल्कन्यांतून कागदाचे कपटे उडत होते, बँडवाले वाद्यं लावत होते, आणि नेमका तेव्हाच घरच्या ग्रुपवर दादाचा मेसेज आला: 'ख्रिस्ती धर्म जगात पसरला तो दोनच गोष्टींनी, तलवार आणि तांदळाचं पोतं.' खाली अकरा अंगठे. त्यातला एक आईचा.

वसईत वाढलेल्या माणसानं हे म्हणावं हे समजू शकते. किल्ला आमच्या शाळेच्या सहलीतला. पोर्तुगिजांनी काय केलं, चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये ते कसं उलटवलं, सगळं पाठ आहे. गोव्याचं इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६०चं, तेही नाकारत नाही. पण दादा, तुझी गोष्ट दीड हजार वर्षं उशिरा सुरू होते रे.

इथे पॉल आला तो इसवी सन ६०च्या सुमारास, तेही कैदी म्हणून. सीझरकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागायला त्याला रोमला नेत होते. गव्हाचं जहाज, २७६ माणसं, चौदा रात्रींचं वादळ, आणि शेवटी किनाऱ्याजवळ रुतून जहाजाचे तुकडे. बेटावरच्या लोकांनी पावसात शेकोटी पेटवली. काटक्यांतून साप निघून पॉलच्या हाताला डसला, तर म्हणाले, हा खुनी असणार. सुजला नाही, तेव्हा म्हणाले, हा देवच. (आमच्या ग्रुपवरही परक्या माणसाबद्दल मतं एवढ्याच वेगानं बदलतात, फक्त दुसऱ्या दिशेनं.)

गंमत म्हणजे हे सगळं सांगणाऱ्या बायबलमधल्या वृत्तांतात पॉल इथे आजारी माणसं बरी करतो, पण कुणाचा बाप्तिस्मा केल्याचं एक अक्षर नाही. तीन महिने राहिला आणि निघून गेला. तरी अख्खं बेट त्याचं.

मला मात्र पुढचा मुक्काम जास्त आवडतो. जहाज इटलीत पुतेओली बंदराला लागतं, आणि तिथे श्रद्धाळू मंडळी आधीच आहेत! पॉलच्याही आधी तिथवर हे कोण घेऊन गेलं? नाव नाही. खलाशी असेल, व्यापारी असेल, कुणाच्या घरची गुलाम बाई असेल. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको तंबू शिवायचे. क्लॉडियस बादशहानं यहुद्यांना रोमबाहेर काढलं तेव्हा ते ग्रीसमधल्या करिंथला आले आणि पॉल त्यांच्याकडेच कामाला राहिला. राजसत्ता मागाहून आली; रोमन बादशहा थिओडोसियसनं ख्रिस्ती धर्माला राजधर्म केलं ते ३८०मध्ये. त्याआधीचा पसारा आमच्यासारख्यांचा, म्हणजे पोटासाठी गाव सोडलेल्यांचा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर एका ओळीत: 'तिकडं राहून तिकडचीच झालीस.'

हेच झोंबलं. कारण झाले असते तर बरं, असं अधूनमधून वाटतं. इथे देवाला 'अल्ला' म्हणतात, ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासांना 'रंदान', आणि मेणबत्त्या मेरीपुढे लावतात. शब्द कुणाचे, देव कुणाचा, कुणी भांडत नाही. हे मी तिकडे मोठ्या तोऱ्यात सांगते. मात्र पहिल्या वर्षी दोन घरमालकांनी आडनाव ऐकून फोन ठेवला होता, हे ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही.

पॉल तीन महिन्यांत त्यांचा झाला. मला नऊ वर्षं झाली, आणि खालच्या मजल्यावरची आजी अजून विचारते, घरी कधी जाणार? प्रेमानंच विचारते. गेल्या भाद्रपदात मोदक द्यायला गेले तर गणपती बघायला काठी टेकत वर आली, स्वतःवर क्रूस काढला आणि म्हणाली, ह्याला थंडी वाजत असेल, खिडकी लाव.

मी लावली. दीड दिवसानं विसर्जन बादलीतच केलं.

आईला विचारायचंय, अंगठा वाचून दिला होतास की दादाचा मेसेज म्हणून. अजून विचारलेलं नाही.