‘आजाऱ्याने आजाऱ्याला काय सांभाळायचं?’ त्या मेसेजला उत्तर

सोलापुरात व्हॉट्सअॅपच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मानसिक आजारातून सावरणाऱ्यांचे स्वमदत गट धोक्याचे आहेत. आजारी माणसं एकत्र बसली की एकमेकांचा आजार वाढवतात. तिथं गोळ्या बंद करायला शिकवतात. न शिकलेले लोक उपचार करतात. त्यापेक्षा रुग्णाला घरात ठेवा, घरच्यांचं प्रेम पुरेसं आहे.

पाठवणारे काळजीपोटीच पाठवत असतील. पण हा मेसेज वाचून एखाद्या आईने मुलाला गटात पाठवणं थांबवलं, तर त्या मुलाचं फार मोठं नुकसान होईल. मी बायपोलरची (कधी उन्माद, कधी खोल नैराश्य असा मनाचा आजार) शुभार्थी, म्हणजे या आजारातून सावरणारी आहे, अशाच एका गटात बसते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आजार ‘वाढण्याचा’ मुद्दा आधी. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर शेजारी बसल्याने होत नाही. दुसऱ्याला ऐकू येणारे आवाज त्याच्याशी बोलल्यामुळे आपल्याला ऐकू यायला लागत नाहीत. एकाचा भ्रम दुसऱ्यानेही खरा मानायचा, असा एक दुर्मीळ प्रकार वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. पण तो बहुतेक वेळा जगापासून तुटून एकाच घरात राहणाऱ्या जवळच्या माणसांत आढळतो. म्हणजे हा मेसेज ज्याला उपाय म्हणतो, तिथेच.

गोळ्यांबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. लोक गोळ्या सोडतात, हे खरं आहे. पण मी पाहिलंय ते असं, की त्या घरात, कुणाला न सांगता सोडल्या जातात. आपल्या पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात, मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. लिथियममुळे (बायपोलरवरचं एक औषध) किंवा दुसऱ्या एखाद्या औषधामुळे हात थरथरायला लागला की पान नीट कापलं जात नाही, विडी सैल होते, कारखान्यात माल तपासताना बाजूला पडते. ओपीडीत मागे रांग असते, सोबत सासू किंवा नवरा असतो, त्यामुळे बाई डॉक्टरांना हे बोलत नाही. गोळीच खायची बंद करते. गटात शेजारची तिला विचारते, “तुझापण हात थरथरतो का गं?” आणि सांगते, की नेमकं हेच डॉक्टरांच्या कानावर घाल. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं, पण ते त्यांना ठरवू दे. तू आपल्या मनाने काही सोडू नकोस.

उन्हाळ्याचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वर जातो, यंत्रमागाच्या शेडमध्ये तर अंगाची लाही होते. घाम खूप गेला आणि पाणी कमी पडलं, तर रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. उलट्या, जुलाब, तोल जाणं, थरथर वाढणं दिसलं की वाट न बघता सिव्हिल गाठायचं. डॉक्टर हे सांगतातच. पण माग चालू असताना पाणी प्यायला कधी जायचं, मालकाला काय सांगायचं, रातपाळी कशी टाळायची, हे त्यालाच कळतं ज्याने माग चालवत लिथियम घेतलंय. रातपाळी टाळणं हा काही लाड नव्हे. सलग जागरणाने बायपोलरमध्ये उन्माद उसळू शकतो.

‘न शिकलेले लोक उपचार करतात’ हा आरोप. गट उपचार करतच नाही. निदान, औषध, डोस हे सगळं मानसोपचारतज्ज्ञांचं काम. प्रश्न असा आहे, की दोन भेटींच्या मधल्या महिन्याभरात माणसाने काय करायचं? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. अशा देशात सावरलेल्या माणसाचा अनुभव वाया घालवणं आपल्याला परवडत नाही.

आणि हा अनुभव तपासलाही गेला आहे. इंग्लंडमध्ये ४४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीव्र झटक्यातून बाहेर पडलेल्यांपैकी काहींना स्वतः त्या वाटेने गेलेल्या प्रशिक्षित सोबत्याची मदत मिळाली. वर्षभरात त्यांच्यातल्या २९ टक्के जणांना पुन्हा तातडीच्या उपचारांची गरज पडली. इतरांत हे प्रमाण ३८ टक्के होतं. असे सगळेच अभ्यास एवढे उजवे नाहीत. लक्षणं कमी होण्याबाबतचा पुरावा तोकडा आहे, आशा आणि आत्मविश्वास वाढण्याबाबतचा त्याहून बरा. पण ‘धोका’ म्हणावं असं त्यात काही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत अशा सोबतीला सामुदायिक सेवांमध्ये जागा दिली आहे. पुण्यात तर डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्येच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, तिथे शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे त्यांची काळजी घेणारी घरची माणसं, एकत्र बसत आले आहेत.

राहिलं घरच्यांचं प्रेम. ते हवंच. पण वर्षानुवर्षं रात्री जागून काढणारी आई दमते, भावाला आपल्या संसाराची ओढ असते, आणि ‘लोक काय म्हणतील’ म्हणून दोघंही गड्ड्याच्या जत्रेला जाणं टाळतात. शुभंकरांनाही बोलायला माणूस लागतं. एखादी आजी तेलुगूत बोलत राहते, शेजारचा मराठीत सांगतो, कुणी कन्नडमध्ये विचारतं, आणि आजीला पहिल्यांदा कळतं की रागाच्या भरात मुलावर ओरडणारी ती एकटीच नाही. शिवाय ‘घरात ठेवा’ हा सल्ला कायद्याच्याही विरुद्ध जातो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, याच्या कलम १९ ने मानसिक आजार असलेल्या माणसाला समाजात राहण्याचा, समाजापासून वेगळं न काढलं जाण्याचा हक्क दिला आहे.

गट निवडताना डोळे उघडे ठेवा, एवढं मात्र त्या मेसेजकडून घेण्यासारखं आहे. तिथलं बोलणं बाहेर जातं का, विचारा. कुणी डॉक्टर सोडा, गोळ्या थांबवा, अमुक काढा घ्या म्हणत असेल, तर उठून या. जीव द्यावासा वाटत असेल तर पुढच्या बैठकीची वाट बघू नका. सिव्हिलमध्ये जा, नाहीतर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.