ह्याला अपग्रेड म्हणू नका

परत गिअर गेला. माझ्या छोट्या लेथवर वीस मिलिमीटरचा एमएसचा (माइल्ड स्टीलचा) बार पार्ट करत होतो, म्हणजे कापून वेगळा करत होतो. टूल दोन-अडीच मिली आत गेलं असेल, तेवढ्यात टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या सॅडलची मागची बाजू डोळ्यांना दिसेल इतकी उचलली गेली, टूलचं टोक खाली दबून जॉबमध्ये, म्हणजे त्या बारमध्ये, घुसलं आणि हेडस्टॉकमधून खर्रर्र आवाज आला. मोटर फिरतेय, जॉब धरणारा चक जागच्या जागी उभा. झाकण काढून बघितलं, तर प्लॅस्टिकच्या दातांचा भुगा ग्रीसमध्ये कालवलेला. दीड वर्षातली ही दुसरी वेळ.

आणि हे कुणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, "अरे, तो गिअर मुद्दाम प्लॅस्टिकचा असतो. फ्यूजसारखा. तो तुटतो म्हणून बाकीचं मशीन वाचतं." डोकं फिरतं हे ऐकलं की! फ्यूज पाच मिनिटांत बदलता आला पाहिजे. इथे तो बदलायचा म्हणजे चक काढा, कंट्रोल बॉक्स काढा, मागचे नट सोडवा आणि अख्खा स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) बेअरिंगमधून बाहेर ओढा, तेव्हा कुठे गिअर हातात येतो. ज्या बेअरिंगवर मशीनची सगळी अचूकता उभी, त्यांनाच प्रत्येक वेळी मार. आणि लोड आला म्हणून तो तुटला हे तरी कुठे खरं आहे? सॅडल हलला म्हणून तुटला. सॅडल बेडवर धरून ठेवणाऱ्या खालच्या पट्ट्या धड बसलेल्या असत्या तर टूल घुसलंच नसतं.

त्या पट्ट्या मी काढून बघितल्यात. बेडच्या खालच्या अंगाला त्यांनी सपाट टेकायचं असतं. माझ्या मशीनवर त्या तीन-तीन स्क्रूंवर तरंगत होत्या: काही स्क्रू ओढणारे, काही ढकलणारे. कडेला हात कापेल असा बर (धातूची उरलेली धार) तसाच ठेवलेला, आणि बोटावर ग्रीस घेऊन चोळलं तर कणकण लागत होती. स्क्रू जरा आवळला की सॅडल जाम, पाव फेरा सोडला की डुलायला लागतो. मधलं काही नाहीच. शेवटी काचेवर पॉलिश पेपर लावून दोन रात्री त्या पट्ट्या घासल्या आणि खाली पातळ पत्र्याच्या शिम घातल्या. हे काम कारखान्यात व्हायला हवं होतं. ते मी केलं आणि मित्र म्हणाला, "वा, सॅडल अपग्रेड केलास!" अपग्रेड म्हणजे चांगल्याचं अधिक चांगलं करणं. जे मुळात पुरं केलंच नाही ते गिऱ्हाइकानं पुरं करायचं, ह्याला मी अपग्रेड म्हणणार नाही.

घेताना मी काही डोळे मिटून घेतली नव्हती. महिनाभर वाचत होतो. पण जाहिरातीत आकडे कुठले देतात? स्विंग (मावणाऱ्या जॉबचा मोठ्यात मोठा व्यास) १८०, सेंटरमधलं अंतर ३५०, मोटर ५५० वॅट, स्पीड २५०० पर्यंत. ते १८० बेडवरचं. टूल आडवं सरकवणारी क्रॉस स्लाइड मध्ये आली की ११० च्या आसपास उरतं, आणि लांब जॉबला तोच आकडा लागतो. तो छापत नाहीत. मोटरचं तर विचारूच नका. ५० मिलीचा एमएस एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलनं टर्न करायचा, म्हणजे फिरवत तासायचा, मिनिटाला ३० मीटर कटिंग स्पीड धरला, तर आरपीएम येतात १९० च्या जवळपास. ब्रशवाली डीसी मोटर नॉब फिरवून खाली आणली की तिची पॉवरही त्याच प्रमाणात खाली येते. लो रेंजची (कमी वेगाच्या गिअरची) कमाल ११०० असेल, तर १९० वर त्या ५५० पैकी शंभर वॅटसुद्धा कामाला येत नाहीत. अर्ध्या मिलीचा कट लावला की मोटर कण्हते, नॉब वाढवला की जॉब किंचाळतो. गिअर किंवा बेल्टनं स्पीड आणखी उतरवला असता तर टॉर्क मिळाला असता. पण त्यासाठी पुली लागते, शाफ्ट लागतो, आणि नॉब स्वस्त पडतो.

विकणाऱ्याला मी फोनवर सरळ विचारलं होतं, वजन किती? तो म्हणाला, "साहेब, एकदम हलकं, दोन माणसं आरामात उचलतात." हलकं असणं हा लेथचा गुण असल्यासारखा तो बोलला! चाळीस किलोच्या आसपासचं ते मशीन. कट घेताना येणारी थरथर कास्टिंगच्या वजनात आणि जाडीत जिरायला हवी. ती तिथे जिरत नाही, म्हणून ती जॉबवर उमटते. बेअरिंग कुठले, विचारलं. "चांगले आहेत." गिअर कशाचे? "कंपनीचे." एका प्रश्नाचं नीट उत्तर नाही. घ्यायचं मीच ठरवलं हे खरं, पण जे लपवलं ते त्यांनी लपवलं.

बेअरिंगचं आता सांगतो, कारण तिथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. स्पिंडलवर ६२०६ होते, साधे बॉल बेअरिंग. लेथच्या स्पिंडलला बाजूनंही जोर येतो आणि लांबीच्या दिशेनंही, म्हणून तिथे टेपर रोलर हवेत. त्या मापाचा ३०२०६ मिळतो. आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, दोन्हींचा सारखाच. पण जाडी? ६२०६ ची १६ मिली, ३०२०६ ची १७.२५. दोन बेअरिंग म्हणजे अडीच मिलीचा फरक. तेवढे स्पेसर (स्पिंडलवरच्या मधल्या कड्या) आखूड करायला लागतात, नाहीतर मागच्या नटला आटे पुरत नाहीत. स्पेसर कमी करायला लेथ लागते, आणि लेथ तर उघडलेली! मला हे सगळं खोलल्यावर कळलं. स्पेसर हातानं घासले, कानशीनं, दर दहा घास्यांनी व्हर्नियर लावून, दोन्ही तोंडं समांतर राहावीत म्हणून श्वास धरून. कारखान्यात पहिल्यापासून टेपर रोलर बसवायचे तर स्पेसरच्या ड्रॉइंगवर एक आकडा बदलावा लागला असता. एक आकडा!

क्रॉस स्लाइडच्या डायलवर चाळीस रेघा आहेत. स्क्रूचा पिच १ मिली. म्हणजे एक रेघ ०.०२५. का चाळीस? कारण ०.०२५ म्हणजे जवळजवळ एक थाऊ, इंचाचा हजारावा भाग. इंचातलं डिझाइन तसंच ठेवून त्यावर मिलिमीटर छापलेत. मला व्यासातले चार पॉइंट (०.०४ मिली) काढायचे असले, म्हणजे ०.०२ आत जायचं असलं, तर त्याची रेघच डायलवर नाही. पन्नास रेघा कोरायला काय जास्त लागतं?

आणि चक बदलणं. स्पिंडलच्या फ्लँजमागे (चक बसतो त्या चकतीमागे) तीन नट, फ्लँज आणि हेडस्टॉकमध्ये बोटभरही जागा नाही. पाना जेमतेम सहाव्या भागाइतका फिरतो, काढायचा, परत लावायचा, आणि शेवटचा नट नेमका निसटून चिप्सच्या ट्रेमध्ये. तीन जबड्यांचा थ्री-जॉ काढून चार जबड्यांचा फोर-जॉ चक लावायचा म्हटलं की दहा मिनिटं आणि सोललेलं बोट.

कंट्रोल बोर्ड एकदा जळला, तो बदलला. जॉबचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक ०.०८ नं बाजूला होता. सेंटरमध्ये १५० मिलीचा बार टर्न केला तेव्हा दोन टोकांच्या व्यासात ०.१६ चा फरक आला, म्हणून कळलं.

ह्या सगळ्याची तक्रार केली तर एका वाक्यात उत्तर आलं: "हॉबी मशीन आहे, एवढं चालतं." नाही चालत. मी घरी काम करतो म्हणून माझ्या बुशला (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीला) गोल असायची गरज नाही का? माझ्या बेअरिंगला दुसरं भौतिकशास्त्र लागतं का? छोटी लेथ छोटी असू दे, कट कमी घेऊ दे, त्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. पण जेवढं करते तेवढं सरळ करू दे.

जुन्या पंपासाठी पितळेचे दोन बुश करायचे म्हणून मी ही लेथ घेतली होती. दीड वर्षात ते बुश झालेले नाहीत. पितळेचा बार कपाटावर तसाच पडलाय, दुकानातला कागदही काढलेला नाही. आत्ता टेबलावर स्पिंडल बाहेर काढून ठेवलाय, शेजारी स्टीलचे गिअर, आणि सॅडलच्या पट्ट्या परत काढायच्यात, तिसऱ्यांदा.