खुलासा : ‘पहिलं-शेवटचं अक्षर जागेवर असलं की बास’ हे खरं नाही

आमच्या तालमीच्या ग्रुपवर परत तो मेसेज आलाय : केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधनानुसार शब्दाचं पहिलं नि शेवटचं अक्षर जागेवर असेल तर मधली कशीही फिरवा, मेंदू सहज वाचतो. खाली एकानं लिहिलं, ‘मग पोरांना शुद्धलेखनासाठी कशाला छळायचं?’ म्हणून हे लिहितोय.

केंब्रिजमध्ये असं संशोधन झालेलं नव्हतं. हा मेसेज 2003 मध्ये इंग्रजीत पसरला. मूळ धागा ग्रॅहम रॉलिन्सन यांच्या 1976 च्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या प्रबंधापर्यंत जातो. 2006 च्या प्रयोगात मधली अक्षरं हलवल्यावर वाचनाचा वेग सुमारे 11 टक्के घटला, सुरुवातीची हलवल्यावर 36 टक्के. म्हणजे अर्थ लागतो, पण मेंदूला कष्ट पडतात.

मराठीत तर बघाच. ‘रंकाळा’मध्ये फिरवायला मधलं एकच अक्षर, म्हणजे काही बदलतच नाही. ‘शापुहूरी’ म्हणजे आपल्या कोल्हापुरातली शाहूपुरी, हे कोल्हापूरकर लगेच ओळखेल. पण ‘रापुमराजारी’? काल चौथीतल्या पुतणीला कागदावर लिहून दिलं. बोट ठेवून तीनदा वाचलं, मग म्हणाली, “काका, हे कुठल्या गावाचं नाव?” राजारामपुरीतच राहते ती! मोठी माणसं ओळखीच्या शब्दांवर, वाक्याच्या संदर्भावर तरून जातात. नुकत्या वाचायला लागलेल्या पोरांकडे ती शिदोरी नसते. त्यांचं शुद्धलेखन कृपा करून सोडू नका.