खिडकीतला कर्णा

पुठ्ठ्याच्या कर्ण्याला आतून फॉइल चिकटवून, त्याचाच अँटेना करून आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी घरबसल्या टिपल्याचं एका लेखात वाचलं आणि १९५१ साल आठवलं. हार्वर्डमध्ये युएन आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी हायड्रोजनची २१ सेंमी तरंगलांबीची ही रेडिओ रेषा पहिल्यांदा पकडली, तीही प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर काढलेल्या कर्ण्यानेच. पाऊस आला की पाणी थेट आत, आणि विद्यार्थी त्यात बर्फाचे गोळे मारायचे म्हणे!

लेखात एक गोष्ट मात्र उरकून टाकलीय. एलएनए (क्षीण सिग्नल वाढवणारा, कमी गोंगाटाचा अँप्लिफायर) लॅपटॉपजवळ नको, अँटेनाच्या अगदी बुडाशी हवा. केबलमध्ये जे गेलं ते नंतर कितीही अँप्लिफाय केलं तरी परत येत नाही. शिवाय रिसीव्हर सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा प्रतिसाद देत नाही, त्याचा स्वतःचा आलेखच उंचसखल असतो. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर तोंड करून एक नोंद घ्या आणि तिने मुख्य नोंदीला भागा. तेव्हा कुठे १४२०.४ मेगाहर्ट्झजवळ हायड्रोजनचा उंचवटा दिसतो. हंस तारकासमूहाकडे तर एकाहून जास्त शिखरं येतात, कारण आकाशगंगेच्या सर्पिल भुजांचे वेग वेगवेगळे आणि वेगानुसार फ्रिक्वेन्सी सरकते. सेकंदाला १०० किमी म्हणजे जेमतेम अर्धा मेगाहर्ट्झ फरक, लॅपटॉपला लावायच्या साध्या यूएसबी डाँगलला (छोट्या रेडिओ रिसीव्हरला) सहज झेपणारा.

जवळ मोबाइल टॉवर असेल तर नको त्या लहरी गाळणारा फिल्टरवालाच एलएनए घ्या, तिथे पैसे वाचवू नका.