डिस्क हातात आहे, मग की कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाटलं की निम्मी तर बरोबरच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विकत घेतलेल्या गेमची सिरीयल की (गेम कॉम्प्युटरवर टाकताना भरावा लागणारा क्रमांक) हरवली तर नेटवरून उचलू नका, पावती आणि डिस्कचा फोटो जोडून कंपनीला लिहा, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की पैसे मोजलेत, डिस्क हातात आहे, तरी एका चिठोऱ्यासाठी कंपनीच्या दारात उभं राहायचं ही कंपन्यांची वकिली झाली. शिवाय पंधरा वर्षांपूर्वीची पावती जपून ठेवतं कोण?

पावतीबद्दल चूक कबूल. माझ्याकडेही एकाही जुन्या गेमची पावती नाही, आणि असती तरी थर्मल कागदावरची अक्षरं केव्हाच उडाली असती. लिहिताना हे सुचायला हवं होतं.

पण ‘डिस्क हातात आहे’ हा तुमचा हुकमाचा एक्का मला तितकासा चालत नाही असं वाटतं. गेमच्या डिस्क एका साच्यातून छापून निघायच्या. तुमची आणि माझी डिस्क अगदी शेवटच्या बिटपर्यंत सारखी. की त्या डिस्कवर नसतेच, ती वेगळी छापून मॅन्युअलच्या पाठीवर किंवा कव्हरच्या आत चिकटवलेली असते. म्हणजे तुमच्या डिस्कबरोबर कुठली की गेली होती, हे कंपनीला शोधून काढताच येत नाही. तुम्ही मागता तेव्हा ते जुनी की शोधून देत नाहीत, नवीन देतात, आणि जुनी जिवंतच राहते. कुणी डिस्क स्वतःकडे ठेवून की मित्राला दिली असेल तर एका विक्रीचे दोन मालक होतात. म्हणून त्यांना डिस्कपेक्षा की छापलेला तो कागद महत्त्वाचा.

आता माझी गोष्ट. माझ्या एका गेमच्या मॅन्युअलवरचं स्टिकर ओल लागून सोललं होतं. शेवटच्या चार अक्षरांतलं एक आठ आहे की बी, ते भिंग लावूनही कळेना. दोन्ही घालून पाहिली, दोन्ही चुकीची. कंपनीला लिहिलं. पहिली दोन उत्तरं छापील: पावती पाठवा. तिसऱ्यांदा कुणीतरी माणसानं ईमेल वाचला असावा, कारण या वेळी त्यांनी सांगितलं की स्टिकरशेजारी तक्रारीचा क्रमांक हातानं लिहून फोटो पाठवा. मी पेन्सिलीनं लिहिला, मॅन्युअल खराब नको म्हणून. नामंजूर. पेननंच हवा. त्याच स्टिकरच्या जोरावर उद्या दुसऱ्या कुणी नवीन की मागू नये, म्हणून ती पक्की खूण. तेव्हा दात-ओठ खाल्ले, आज त्यामागचा हिशेब समजतो. की मिळाली, पण जवळजवळ तीन आठवड्यांनी. त्या दोन छापील उत्तरांचं समर्थन मी करणार नाही.

नेटवरच्या कीबद्दल तुम्ही म्हणता, ‘त्यात कुणाचं काय जातं?’ जातं, आणि ते कंपनीचं नव्हे. ‘हाफ-लाइफ’ आणि ‘स्टारक्राफ्ट’ (दोन्ही 1998चे) यांची की 13 आकड्यांची. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या 12 आकड्यांवरून काढलेला असतो. गेम टाकताना फक्त हे गणित जुळतं का एवढंच पाहिलं जायचं. सहज सुचलेले 13 आकडे टाकले तरी दहातून एकदा जुळणार. कीजेन, म्हणजे खोट्या की बनवून देणारा प्रोग्राम, हेच गणित करतं (वर ते टिंगटिंग संगीत वाजवतं, त्याची आठवण मलाही येते). पण ऑनलाइन खेळायला गेलात की सर्व्हरकडे खऱ्या कींची यादी असते. त्या यादीत बसणारा आकडा कीजेननं काढलाच, तर तो कुणाच्या तरी खोक्यात छापलेला असणार. तो माणूस नवंकोरं खोकं फोडतो, की टाकतो आणि उत्तर येतं: ही की आधीच वापरात आहे. तोही पैसे मोजलेलाच गिऱ्हाईक, तुमच्यासारखाच. कीजेनबरोबर फुकट येणाऱ्या व्हायरसचं तर बोलायलाच नको.

एका ठिकाणी मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूचा. गेमस्पाय (अनेक गेम्सच्या ऑनलाइन खेळाडूंना एकमेकांशी जोडून देणारी सेवा) 31 मे 2014 रोजी बंद झालं आणि त्याच्या आधारानं चालणाऱ्या कित्येक गेम्सचं ऑनलाइन खेळणं तिथंच संपलं. अशा गेमची की आता कुणाचीच जागा अडवत नाही, ती फक्त गेम टाकताना लागते. कंपनीनं अशा गेमची की मागेल त्याला द्यावी, किंवा की मागणारा तो चौकोनच काढून टाकावा. ‘स्टारक्राफ्ट’ 2017मध्ये फुकटच करून टाकला, तिथं कीचा प्रश्नच मिटला. म्हणून ईमेल लिहायच्या आधी आपल्या गेमला की अजून लागते का, एवढं बघून घ्या. आणि विंडोज 10वर सेफडिस्कवाली (त्या काळच्या, कॉपी रोखणाऱ्या कुलपाची) जुनी डिस्क की असूनही चालत नाही, तेव्हा तीन आठवडे वाट पाहून हाती काहीच न लागण्याची तयारीही ठेवा.

आता तुमच्याच प्रतिक्रियेतली एक ओळ: ‘जुना कॉम्प्युटर कपाटावर पडून आहे, गेम त्यात अजून असेल.’ अहो, मग की पण तिथंच असेल! त्या काळचे बरेच गेम की रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, लिहून ठेवायचे. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं. कॉम्प्युटर सुरू होत असेल तर रेगएडिट (रजिस्ट्री पाहायचा विंडोजमधलाच प्रोग्राम) उघडा, एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात कंपनीचं नाव. ईएच्या पुष्कळ गेम्समध्ये आत ‘ईआरजीसी’ नावाची शाखा असते आणि तिथं ‘डिफॉल्ट’समोर की सापडते. विंडोज 64 बिट असेल तर सॉफ्टवेअरमध्ये आधी ‘वाव6432नोड’ (Wow6432Node) या शाखेत शिरावं लागतं. कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्याला जोडा, तिथल्या रेगएडिटमध्ये एचकी लोकल मशीन निवडून फाइल मेनूतून ‘लोड हाइव्ह’ करा, आणि जुन्या डिस्कवरच्या विंडोज, सिस्टम32, कॉन्फिग या फोल्डरमधली ‘सॉफ्टवेअर’ नावाची फाइल दाखवा. पाहून झाल्यावर ‘अनलोड’ करायला विसरू नका.

तोवर तो कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. गेम कोणता तेवढं कळवा, की कुठल्या शाखेत असेल ते शोधायला मदत करतो.