पिन बसली, आता पुढं?

वायरलेस गिटारचा रिसीव्हर, म्हणजे गिटारला लावलेल्या ट्रान्समीटरचा आवाज पकडणारा डबा, धडधाकट असतो, ट्रान्समीटरचे सेल नवे असतात आणि हरवतो तो रिसीव्हरचा अडॅप्टर. नेहमी तोच. रात्री मंडपातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर राहतो आणि सकाळी मंडपवाला बोर्डासकट घेऊन जातो. मग लातूरच्या गंजगोलाईत शोधाशोध. गोलाईला सोळा रस्ते फुटतात, आणि माझी खात्री आहे की सोळाही रस्त्यांवर उत्तर एकच मिळणार: "बसली की ओ पिन! अजून काय पाहिजे?"

पिन सगळ्यांचीच बसते, हेच तर दुखणं आहे. राउटर, सेट-टॉप बॉक्स, सीसीटीव्ही, बहुतेकांची पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटरची. पायात गेली म्हणून चप्पल आपली होत नाही; देवळाबाहेर विचारून बघा.

तेव्हा दुकानात जाताना रिसीव्हर सोबत न्या आणि त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर मोबाइलने फोटो काढून, मोठं करून वाचा. आधी व्होल्ट. ९ लिहिलं असेल तर ९, १२ असेल तर १२. इथं "थोडं इकडं-तिकडं चालतंय" चालत नाही. त्यातही जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर १२ म्हणतो आणि लोड नसताना १६-१७ व्होल्ट ओकतो.

अँपिअरला मात्र लोक उगीच घाबरतात. रिसीव्हरला ३०० मिलिअँपिअर लागत असतील तर २ अँपिअरचा अडॅप्टर त्याला काही करत नाही. रांजण भरलेला असला तरी आपण तहानेपुरतंच पितो. उलटं मात्र नको: १०० मिलिअँपिअरवाला तापतो, त्याचे व्होल्ट बसतात आणि रिसीव्हर ऐन सोलोत बंद-चालू होत राहतो.

खरा घात करते ती पोलॅरिटी, म्हणजे पिनेच्या आत पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. पाठीवर एक तुटकं वर्तुळ आणि मध्ये टिंब असतं. टिंबाची रेघ ज्या चिन्हाला जाते, ते पिनेच्या आत. बॉस कंपनीच्या गिटार पेडलांनी रुळवलेला रिवाज ९ व्होल्ट, आत निगेटिव्ह. राउटर-सीसीटीव्हीवाले सहसा १२ व्होल्ट, आत पॉझिटिव्ह. रिसीव्हर दोन्ही जातींचे निघतात, म्हणून अंदाज करू नका. उलटं लागलं आणि आतला संरक्षक डायोड नशिबात असला तर तो बिचारा आपल्यासाठी मरतो. नसला, तर करपलेला वास येतो. तो वास आला की दुकानदार हिशोबाच्या वहीत डोकं घालतो.

यावर उपाय साधा मल्टीमीटर. डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या पत्र्याला. आकड्याआधी वजा आला की आत निगेटिव्ह. चालू अडॅप्टर शून्याच्या आसपास दाखवत असेल तर तो मेलाच असं समजू नका; कदाचित एसी आउटपुटचा असेल. लेबलवर ओळीऐवजी लाटेची खूण दिसेल. डीसीच्या यंत्राला तो लावायचा नाही.

पिनेचं भोकही दोन मापांचं असतं, २.१ आणि २.५ मिलिमीटर. रिसीव्हरच्या सॉकेटमधला खिळा २.५ चा असेल तर २.१ ची पिन आत जातच नाही, तिथंच सुटका. पण २.१ च्या खिळ्यावर २.५ ची पिन ढिली बसते. ड्रमवाल्याने किक मारली की खर्र, आणि सगळे बघतात गिटारवाल्याकडे.

घ्यायचा तर १०० ते २४० व्होल्ट इनपुटचा स्विचिंग, म्हणजे जड ट्रान्सफॉर्मर नसलेला हलका अडॅप्टर घ्या. आपल्याकडची लाईट आणि मिरवणुकीतला जनरेटर दोघंही लहरी, ते तो सोसतो. रिसीव्हर आणि डिस्टॉर्शन पेडल एकाच वायरीवर साखळीने जोडू नका. डासासारखी बारीक शिट्टी ऐकू येते. आयसोलेटेड आउटपुट, म्हणजे प्रत्येक यंत्राला आतून वेगळी वीज देणारं, घ्या, नाहीतर रिसीव्हरला वेगळा अडॅप्टर.

घरी आल्याआल्या पांढरी टेप चिकटवून त्यावर मार्करने 'गिटार, १२, आत पॉझिटिव्ह' असं ठळक लिहा. नाहीतर पुढच्या कार्यक्रमात कीबोर्डवाला तो उचलणार. त्याच्याही कीबोर्डात ती पिन बसते.